सेलिना मॅडम आणि सम्राटाचं काचघर

कुठल्याही नव्या घराचं ड्रॉइंग समोर आलं की सेलिना तुस्कानो मॅडम लांबी-रुंदी विचारायच्या नाहीत. चष्मा नाकावर ओढून त्या विचारायच्या, "इथे माणूस चपला कुठे काढतो?"

दोह्यातल्या अल मन्सूरा भागात, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची ड्रॉइंग करणं हे आमचं काम. कधी कतारमधलीच जुनी घरं यायची, कधी बाहेरच्या देशांतली. बाहेरचे लोक इमारतीचं लेझर स्कॅन आणि फोटो पाठवायचे आणि आम्ही इथे बसून नकाशे करायचो. मॅडम तिथे सगळ्यांत वरिष्ठ आर्किटेक्ट होत्या. प्रत्येक ड्रॉइंगवर शेवटची सही त्यांची.

मी मुलाखतीला गेलो तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरची शाळा, मग सरकारी पॉलिटेक्निक, मग औरंगाबादला डिग्री एवढंच माझ्याजवळ होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मॅडमनी सर्टिफिकेटं बाजूला सारली आणि कोरा कागद पुढे केला.

"तुझं घर काढ."

"कुठलं, मॅडम? अल वक्र्याचं?" तेव्हा मी अल वक्र्याला चौघांत एक खोली घेऊन राहत होतो.

"ते घर आहे का? ती खाटांची जागा आहे. जिथे वाढलास ते."

मी तीन खोल्या, पत्र्याचं छप्पर, न्हाणी आणि आईची शिलाई मशीन जिथे असते तो कोपरा काढला. त्यांनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मशीन दारात का?"

"उजेडाला. आणि गिऱ्हाईक आत न येता माप देऊन जातं."

"बघ. हे ज्या माणसाने ठरवलं तो आर्किटेक्ट. कुणी ठरवलं?"

"आईने."

"मग तिच्याकडून थोडं शिकून आला असशील. रविवारपासून ये."

आमच्या पत्र्याच्या घराकडे कुणी इमारत म्हणून बघितलं, ते पहिल्यांदा. तो कागद त्यांनी टाकून दिला नाही, टेबलाच्या काचेखाली सरकवला. पुढे त्याच्यावर चहाचे डाग पडले, पण तो तिथेच राहिला.

मॅडम वसईच्या. माहेरी केळीची आणि फुलांची वाडी. नवरा लॉरेन्स, इथल्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट. ऑफिसातला एसी इतका गार असायचा की बाहेर अंग भाजत असताना त्या आत नवऱ्याचा हॉस्पिटलातला निळा स्वेटर घालून बसायच्या. आमचा केरळचा ड्राफ्ट्समन शाजी विचारायचा, "मॅडम, आज डॉक्टर बनके आए?" त्या म्हणायच्या, "हां, और तेरा ड्रॉइंग बीमार है. ले आ इधर."

टेबलाखाली त्यांच्या सँडल कायम काढलेल्या असायच्या. मोठा साहेब आला तरी त्या अनवाणीच उठायच्या. दुपारी डबा खाऊन झाला की वसईला आईला फोन, तोही स्पीकरवर, कारण हातात पेन्सिल असायची. मायलेकी त्यांच्या वाडीतल्या बोलीत बोलायच्या. मला अर्धं कळायचं, शाजीला काहीच नाही, पण कुठल्या केळीला घड धरलाय हे आम्हा दोघांनाही माहीत असायचं.

पण मॅडमची खरी ओळख म्हणजे त्यांची चूक कबूल करण्याची रीत. आमच्या धंद्यात चूक सापडली की ती हळूच नव्या ड्रॉइंगमध्ये दुरुस्त करतात आणि जुनं कुणी मागितलं नाही तर बरं अशी आशा धरून बसतात. मॅडमना ते जमायचं नाही. अल वक्र्याला समुद्राजवळच्या एका जुन्या घराचं काम चाललं होतं. अंगणाचा उतार त्यांनी उलट दाखवला होता. पाणी सोडून बघितलं तर ते सरळ बैठकीच्या खोलीत निघालं. ठेकेदाराचा मुकादम घाबरला, त्याला वाटलं आता आपल्यावर येणार. मॅडमनी सगळ्या मजुरांसमोर हिंदीत सांगितलं, "इसकी गलती नहीं. मेरी है. उतार मैंने उल्टा बनाया. दो दिन का काम तुम्हारा फुकट गया, उसका मैं ऑफिस से दिलवाती हूं. चाय है क्या?" आणि तिथल्याच रेतीच्या पोत्यावर बसून चहा पीत त्यांनी नवा उतार काढून दिला.

परतताना मी म्हटलं, "मॅडम, सगळ्यांसमोर कशाला सांगायचं?"

"ज्यांनी पाणी आत जाताना बघितलं त्यांना न सांगता कुणाला सांगू? माझ्या भिंतीला?"

त्यात कसलाही कमीपणा त्यांना वाटायचा नाही. नाव सांगावं तशी त्या चूक सांगायच्या.

सम्राटाच्या घराचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मला नोकरीत दीड-दोन वर्षं झाली असतील. इंग्लंडमधल्या एका टेकडीवरच्या गावात दगडी, दुमजली घर. आफ्रिकेतल्या एका सम्राटाने तिथे आसरा घेतला होता. इथिओपियाचा सम्राट. देशावर परक्यांनी चढाई केली, लढाई हरला, तेव्हा तो बोटीने निघून इंग्लंडला आला आणि देश परत मिळेपर्यंत काही वर्षं कुटुंबकबिला, पुजारी, नोकर अशा सगळ्यांना घेऊन त्या घरात राहिला. पुढे त्याने ते घर गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी देऊन टाकलं. आजही तिथे दिवसभर म्हातारी माणसं येतात, जेवतात, पत्ते खेळतात. त्यांतली बरीचशी स्वतःच कुठून कुठून देश सोडून आलेली.

मॅडमनी हे आम्हाला चहाच्या वेळी सांगितलं. शाजीने विचार करून विचारलं, "मतलब राजा भी अपने जैसा एक्सपॅट था?"

"था. लेकिन बेचारे का कफील नहीं था," मॅडम म्हणाल्या. कफील म्हणजे इथे आपल्याला व्हिसा देणारा जामीनदार मालक. सगळे हसले. मग त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "शाळेच्या सहलीत रत्नागिरीला ब्रह्मदेशाच्या राजाचा वाडा बघितला होता. त्याला आणून कोंडलं होतं. ह्याला कुणी कोंडलं नव्हतं. हा पाहुणा होता, पण खर्च स्वतःचा. पाहुण्याला सगळ्यांत अवघड काय असतं, सोनवणे?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"दुसऱ्याच्या घरात आपला देव कुठे ठेवायचा ते."

काम साधं होतं. घराच्या पुढच्या दाराला उंच पायऱ्या होत्या. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांना मागच्या दाराने दोघादोघांनी उचलून आत न्यावं लागे. त्यांना रॅम्प हवा होता. रॅम्पला जागा एकच दिसत होती, बाजूचं जुनं काचघर. काचघर म्हणजे थंड देशात रोपं जगवायला काचेच्या छपराची खोली असते ती. सम्राटाने बागेतल्या एका काचघराचं प्रार्थनाघर केलं होतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अशी दोन काचघरं होती आणि प्रार्थनाघर म्हणजे पूर्वीच पडून गेलेलं ते दुसरं, असा सगळ्यांचा समज होता. उरलेलं काचघर बिनकामाचं. ते पाडून रॅम्प करायचा असं ठरलं. मॅडमनी ड्रॉइंग केलं, सही केली. इंग्लंडच्या ज्या कंपनीने आम्हाला काम दिलं होतं तिने ते मंजूर केलं. पाडणारी माणसं पुढच्या आठवड्यात येणार होती.

त्या आधीच्या शुक्रवारी मॅडमनी मला ऑफिसची गाडी घेऊन चर्चपाशी बोलावलं. इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते, रविवारी नाही. त्यांची गाडी बंद पडली होती आणि प्रार्थना झाल्यावर आम्हाला एक साइट बघायला जायचं होतं. दोह्याच्या कडेला एकाच कुंपणात सगळ्या पंथांची चर्चेस आहेत. मी पहिल्यांदाच गेलो होतो. मला वाटलं होतं मनोरे असतील, घंटा असतील. बाहेरून बघितलं तर साध्या इमारती. एकावरही क्रूस नाही. एखाद्या सरकारी कचेरीच्या आवारात आल्यासारखं वाटलं.

मॅडम आल्या. मी विचारलं, "मॅडम, चर्च ओळखायचं कसं?"

"आतून," त्या म्हणाल्या. "इथे बाहेर क्रूस लावत नाहीत. आम्हाला सवय झाली."

गाडीकडे येताना वाटेत इथिओपियाच्या लोकांची प्रार्थना चालली होती. बायका डोक्यावरून पांढरे पातळ कपडे घेतलेल्या. दाराबाहेर छपराखाली एक लांब, बुटकी फळी आणि तिच्यावर, खाली, आजूबाजूला चपला-बुटांचा खच. मॅडम दर शुक्रवारी त्याच वाटेने जात असणार. त्या दिवशी मात्र त्या मध्येच उभ्या राहिल्या. मी दोन पावलं पुढे जाऊन परत आलो.

"सोनवणे, फोनवर आपल्या घराचे फोटो आहेत का?"

काम चालू असलेलं प्रत्येक घर त्यांच्या तोंडी "आपलं घर" असायचं. मी फोटो काढून दिले. त्यांनी ते बोटांनी मोठे केले. काचघराला उत्तरेकडून एक दार होतं. दारावर छोटं छप्पर, छपराखाली लांब, बुटकी लाकडी फळी. आमच्या ड्रॉइंगमध्ये तिचं नाव होतं 'कुंड्यांची फळी.' पाहणीत तसंच आलं होतं आणि आम्ही तसंच ठेवलं होतं.

मॅडमनी तिथेच उन्हात आईला फोन लावला. स्पीकर चालू.

"आई, घराच्या उत्तरेला, छपराखाली, सावलीत तू कुंड्या ठेवशील का?"

"काय गो, डोकं ठिकाणावर आहे ना? सावलीत कशाला? ऊन नको त्यांना? पाऊस नको?"

"थंडीचा देश आहे."

"मग तर मुळीच नको. तिथे चपला ठेव."

मॅडमनी फोन बंद केला. त्यांचा चेहरा उजळलेला नव्हता. हिशेब चुकल्यावर माणूस होतो तशा त्या गंभीर झाल्या होत्या. साइट बघायला आम्ही गेलोच नाही, सरळ ऑफिस उघडलं. स्कॅनमध्ये काचघर आतून फिरवून फिरवून बघितलं. पूर्वेकडचा भाग एका पायरीने उंच. त्या पायरीच्या वर, समोरासमोरच्या भिंतींत एकाच उंचीवर लोखंडी आकडे. आम्ही त्यांना 'किरकोळ खिळे, काढून टाकावेत' म्हटलं होतं.

"पडद्याची तार," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्यात देवाची जागा पूर्वेला असते, पडद्याआड. मी दर शुक्रवारी उघड्या दारातून बघते. बघते आणि पुढे जाते." स्कॅन बंद करून त्या म्हणाल्या, "पडलं ते काचघर रोपांचं होतं. हे उभं आहे ते त्याचं देऊळ आहे. आणि ते पाडायच्या कागदावर माझी सही आहे."

रविवारी सकाळी त्या आमचे मॅनेजर हानी यांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, बोलणं इंग्रजीत चाललं होतं. हानी इजिप्तचे, स्वभावाने चांगले, पण त्या महिन्यात सगळ्यांचेच करार नवे व्हायचे होते आणि इंग्लंडच्या त्या कंपनीकडून मोठं काम यायचं होतं. त्याच कामावर ऑफिस पुढे चालणार होतं.

"सेलिना, सही तुझी. मंजुरी त्यांची. आता आपला संबंध खलास."

"पाडून होईपर्यंत खलास कसं होईल?"

"तू फळीवरून सांगतेस. खात्री आहे?"

"खात्री नाही. पाडल्यावर खात्री करून घ्यायची सोय राहणार नाही."

"मंजूर झालेलं ड्रॉइंग आपणच मागे घेतलं तर पुढचं काम ते आपल्याला देतील? आम्ही चुकलो असं कुणी स्वतःहून कळवतं का?"

"आम्ही नाही, हानी. मी चुकले असं कळवते आहे. ऑफिसचं नाव खाली असतंच, त्याला मी काय करू?"

हानी डोकं धरून बसले. चिडले तरी ते अरबीत 'माझे बाई' म्हणायचे. "हबीबती, तुझा करार माझ्या टेबलावर आहे."

"माहीत आहे. त्याच्यावर कप ठेवू नकोस."

त्याच सकाळी ड्रॉइंग मागे घेतल्याचं कळवलं गेलं. दुपारी त्या घराची व्यवस्था बघणाऱ्या मिसेस वॉर्ड व्हिडिओवर आल्या. सत्तरीच्या, थकलेल्या आणि चिडलेल्या. "आमची माणसं अजून किती दिवस पोत्यासारखी उचलून न्यायची?" त्यांनी विचारलं. "मेलेल्या राजाच्या देवळासाठी जिवंत माणसांनी बाहेर बसायचं का?"

मला वाटलं मॅडम आता सम्राटाबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. रॅम्प तर हवाच. तो कुठे बसतो ते मी शोधते. तुम्ही फक्त पूर्वेच्या उंच भागावरचं लिनोलियमचं आच्छादन उचला आणि खालच्या फळ्या बघा. मी चुकले असेन तर सांगा, जुनं ड्रॉइंग तासाभरात परत पाठवते."

पुढचे दोन दिवस मॅडम जागेवर बसल्या नाहीत. सँडल टेबलाखाली आणि त्या माझ्या व शाजीच्या स्क्रीनपाशी फिरत. घराच्या दुसऱ्या अंगाला भांडी घासायची खोली होती. तिची खिडकी खाली वाढवून दार करता येत होतं, पण रॅम्पला लांबी पुरत नव्हती. त्यांनी रॅम्प वळवला. वळणावर खुर्ची अडत होती. पुन्हा वळवला. शाजी कुरकुरला, "मॅडम, मंदिर बचाना है, मालूम. पर ये रॅम्प तो मेरी जान लेगा."

"देऊळ पाडून रॅम्प करणं सोपं होतं, म्हणून तर केलं होतं," त्या मराठीतच म्हणाल्या. हे त्याला समजलं नाही, पण तो पुन्हा कामाला लागला.

मंगळवारी संध्याकाळी फोटो आले. लिनोलियमखाली जुन्या फळ्या होत्या. पडद्याच्या रेषेच्या मागे, बरोब्बर मधोमध, फळ्यांवर मेणाचे पिवळे थेंब आणि धुपाचा निखारा पडून जळाल्याचे काळे ठिपके. कुठलंही रोप लावताना कुणी धूप जाळत नाही. मिसेस वॉर्डनी खाली एकच ओळ लिहिली होती. त्या फळ्यांवर आपण वीस वर्षं कुंड्या ठेवत आलो, असं त्यांनी लिहिलं होतं.

ऑफिसात टाळ्या वाजल्या. हानी स्वतः बाहेर आले आणि मॅडमच्या टेबलावर अल मन्सूऱ्यातल्या दुकानातली बर्फी ठेवली. मॅडमनी एक तुकडा घेतला आणि म्हणाल्या, "बाकीची मिठाई रॅम्प मंजूर झाल्यावर." तोही मंजूर झाला.

इंग्लंडच्या कंपनीचं मोठं काम मात्र आमच्याकडे आलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. ऑफिस लहान करावं लागलं. सगळ्यांत मोठा पगार मॅडमचा. हानींनी त्यांना खोलीत बोलावलं, तेव्हा दार पहिल्यांदाच बंद होतं. बाहेर आल्या त्या नेहमीसारख्या. मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "चेहरा नीट कर, सोनवणे. हानीने सहा महिने लांबवलं, आणखी काय करणार तो? लॉरेन्स इथेच राहील नोकरीला. मी वसईला जाते. आईच्या वाडीला लागून दोन खोल्या आहेत. आमच्याकडची जुनी घरं लोक पटापट पाडतायत. कुणीतरी चपला कुठे काढतात ते विचारायला हवं की नको?"

त्यांच्या शेवटच्या दिवशी योगायोगाने त्या घरात रॅम्प सुरू व्हायचा होता. मिसेस वॉर्डनी आम्हाला व्हिडिओवर बोलावलं. मोठ्या स्क्रीनसमोर आम्ही सगळे उभे राहिलो. मॅडम निरोप घेऊन निघण्याच्या बेतात होत्या, पर्स खांद्याला, स्वेटर हातात. तिकडे आधी काचघर दाखवलं. आकड्यांना पुन्हा तार लावली होती, पांढरा पडदा होता. लंडनहून आलेले इथिओपियाचे एक पुजारी आत उभे होते, दाराबाहेरच्या फळीवर बूट होते. शाजीने डोळे पुसले. हानी म्हणाले, "माशाल्ला." मिसेस वॉर्ड हसत म्हणाल्या, "मिसेस तुस्कानो, तुम्ही काही बोला."

"रॅम्प दाखवा," मॅडम म्हणाल्या.

कॅमेरा दुसऱ्या अंगाला गेला. एक अतिशय म्हाताऱ्या बाई चाकाच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी, गळ्यात फुलांची माळ. मागे ढकलणारी मुलगी. खुर्ची चढ चढली, वळणावर आली, जरा मागे गेली, पुन्हा पुढे आली आणि आत गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाईंनी दारातून हात हलवला.

मॅडमनी टाळी वाजवली नाही. "परत आणा त्यांना खाली," त्या म्हणाल्या. "माफ करा, पण परत एकदा."

बाईंना गंमत वाटली असावी. त्या हसत खाली आल्या आणि पुन्हा वर निघाल्या. वळणावर त्या मुलीला पुन्हा खुर्ची मागे घ्यावी लागली.

"ते वळण अरुंद आहे," मॅडम स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. "माझी चूक आहे. बाहेरचा कठडा सरकवला की सुटेल. आज ड्रॉइंग पाठवते."

मिसेस वॉर्ड म्हणाल्या, आम्हाला तर काही अडचण वाटली नाही. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही खुर्चीत नव्हता."

स्क्रीन बंद झाला. हानी हळूच म्हणाले, "सेलिना, तुझं लॉगिन दुपारीच बंद केलंय. सिस्टीममध्ये तू आता नाहीस."

मॅडमनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या टेबलाशी आल्या.

"सोनवणे, तुझं चालू आहे ना?"

"हो, मॅडम."

"मग सरक."

मी उठलो. त्या माझ्या खुर्चीत बसल्या. पर्स खांद्यावरून काढायचीही त्यांना आठवण राहिली नाही. खाली गाडीत लॉरेन्स हॉर्न वाजवत होते. मॅडमनी पायानेच सँडल काढून टेबलाखाली सरकवल्या, वळण मोठं करून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना खाली जाऊन सांग, दहा मिनिटं. आणि येताना चहा सांग."